तणमोराच्या घरी जाताना

उज्जैनला राहणाऱ्या मराठी घराला पाहुण्यांचा कधीच तोटा नसतो. ऑक्टोबर 2022 मध्ये महाकाल लोक सुरू झाल्यापासून तर आमच्याकडच्या गाद्या गुंडाळून माळ्यावर ठेवायची वेळच येत नाही. पुण्याची आत्या, नागपूरचे व्याही, बडोद्याचा मावसभाऊ आणि त्याच्या सोसायटीतले चौघे, असे सगळे येऊन जातात. पहिल्या दिवशी महाकाल, हरसिद्धी आणि रामघाटावरची आरती. दुसऱ्या दिवशी सांदीपनी आश्रम, वेधशाळा आणि काळभैरव. तिसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलबी खाता खाता कुणीतरी विचारतंच, "काय हो, मध्य प्रदेश म्हणजे वाघांचं राज्य ना? मग इथे जवळपास वाघ कुठे दिसेल?"

प्रश्न रास्त आहे. 2022 च्या गणनेत आपल्या राज्यात 785 वाघ निघाले, देशात सगळ्यांत जास्त. पण कान्हा, बांधवगड, पेंच हे सगळं उज्जैनहून फार लांब. त्यातल्या त्यात जवळ म्हणजे देवासकडचं खिवनी अभयारण्य आणि भोपाळजवळचं रातापानी, ज्याला डिसेंबर 2024 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. मी हे सगळं सांगतो आणि मग हळूच पुढे सरकवतो, "पण वाघाहूनही दुर्मीळ असा एक प्राणी आपल्या मालव्यात पावसाळ्यात येतो. कोंबडीएवढा आहे."

कोंबडी म्हटल्यावर निम्म्या पाहुण्यांचा उत्साह तिथेच संपतो. उरलेल्या निम्म्यांसाठी हा महिन्याचा लेख.

हिंदीत त्याला खरमोर म्हणतात. मराठीतलं नाव मला जास्त आवडतं, तणमोर. तणातला मोर. माळढोकाच्या कुळातला हा भारतातला सगळ्यांत लहान पक्षी. वजन अर्ध्या किलोच्या आसपास आणि मादी नरापेक्षा थोडी थोराड. एरवी दोघंही मातकट, गवताच्या रंगाचे, पायाशी असले तरी दिसायचे नाहीत. पण पाऊस पडला, गवत गुडघाभर झालं की नर काळाभोर होतो, पंखांवर पांढरा पट्टा उठून दिसतो आणि डोक्यामागून बारीक, टोकाला चमच्यासारखी पसरट असलेली पिसं बाहेर वळतात. मग तो आपला एक टापू निवडतो आणि त्यात उभा राहून उड्या मारतो. उडी म्हणजे सरळ वर, माणसाच्या डोक्याएवढी. वर गेल्यावर पंख फडफडवतो, बेडकासारखा टर्र आवाज काढतो आणि धपकन गवतात पडून दिसेनासा होतो. दिवसभरात अशा शेकडो उड्या. सगळा खटाटोप कुठेतरी गवतात बसलेल्या मादीनं बघावं म्हणून.

मादी बघते की नाही, देव जाणे. माणसानं मात्र बघितलं. इंग्रजांच्या काळात बंदूकवाल्या साहेबांना हा पक्षी फार सोयीचा वाटायचा. एरवी न सापडणारा नर पावसाळ्यात आपण होऊन हवेत उडी मारून जागा दाखवतो, तेव्हा नेम धरायला वेळच लागत नाही. विणीच्या हंगामातच मारल्यामुळे त्याची संख्या तेव्हापासून घसरत आली. शिकार कायद्यानं बंद झाली, पण तोवर गवतच जायला लागलं होतं. 2021 मध्ये या पक्ष्याचं नाव आंतरराष्ट्रीय लाल यादीत अतिसंकटग्रस्त या वर्गात गेलं. त्यापुढची पायरी म्हणजे निसर्गातून नाहीसा.

गवत कसं गेलं ते मालव्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आमच्याकडे गवताच्या राखीव जमिनीला बीड म्हणतात. उज्जैनमधली नौलखी बीड सगळ्यांना माहीत आहे. संस्थानांच्या काळात घोड्यांना आणि गुरांना वर्षभर चारा हवा म्हणून या जमिनी राखलेल्या असत. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला ठाण मांडलं तेव्हापासून 1810 मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेईपर्यंत मराठ्यांच्या घोड्यांनी काय खाल्लं असेल, तर हेच मालव्याचं गवत. (आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तलवारी असतात, चारा नसतो.) पुढे घोडे गेले, मोटारी आल्या आणि राखलेलं गवत महसुली कागदांवर पडीक ठरलं. पडीक म्हटलं की कुणीही काहीही करावं. कुठे निलगिरी लावली, कुठे खाण काढली, कुठे वसाहत झाली.

त्यात सोयाबीन आलं. आधी मालव्यातला शेतकरी काळी जमीन पावसाळ्यात बरीचशी मोकळी सोडायचा किंवा ज्वारी पेरायचा आणि थंडीत गहू-हरभरा घ्यायचा. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत पावसाळ्यातही शेत भरलं. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, गावात पक्की घरं झाली, मुलं इंदूरला शिकायला गेली. याला मी वाईट म्हणणार नाही. माझ्या ओळखीतली निम्मी लग्नं सोयाबीनच्या पैशावर झाली आहेत. पण तणमोराला पावसाळ्याचे तीन महिनेच गवत लागतं आणि नेमके तेच तीन महिने सोयाबीनलाही लागतात.

सैलाना हे गाव रतलामच्या पलीकडे वीस-पंचवीस किलोमीटरवर. उज्जैनहून नागदा-खाचरोद मार्गे रेल्वेनं रतलाम आणि तिथून रस्त्यानं. सैलान्याचं राजघराणं त्याच्या स्वयंपाकासाठी प्रसिद्ध, शिवाय तिथली निवडुंगाची बाग बघायला लोक जातात. पण 1983 मध्ये तिथे तणमोरासाठी अभयारण्य झालं. थोर पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी या पक्ष्यासाठी आग्रह धरला, त्याचं हे फळ. धार जिल्ह्यात सरदारपूरचं अभयारण्यही त्याच सुमाराचं. सैलान्याचं अभयारण्य एवढंसं आहे, तेराएक चौरस किलोमीटर, आणि त्यातलीही बरीच जमीन शेतकऱ्यांच्या खासगी मालकीची. म्हणजे जंगल म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं तसं काही नाही. गवताचे तुकडे, मधे शेतं, क्षितिजावर पवनचक्क्या.

काही वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये आम्ही सहाजण वनखात्याची परवानगी काढून तिथे गेलो होतो. मी, माझी बायको, पुण्याहून आलेला भाचा, त्याची बायको आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी. सहावी माझी धाकटी मावशी. वय तेव्हा त्र्याहत्तर, गुडघे दुखरे, पण पक्ष्यांचं वेड माझ्याहून जास्त. आमच्याबरोबर तिथला चौकीदार होता. जवळच्याच गावचा माणूस, गळ्यात वनखात्याची जुनी दुर्बीण. त्यानं आम्हाला पहिल्यांदा सांगितलं ते हे, की गाडी पक्क्या वाटेवर राहील, गवतात कुणी उतरणार नाही. माद्या गवतातच, जमिनीवर, तीन-चार अंडी घालतात. अंड्यांवर पाय पडला तर पाय पडल्याचं कळणारसुद्धा नाही, इतका रंग मिळून जातो.

दीड तास काही नाही. भाच्याची मुलगी कंटाळली, तिनं रतलामी शेवेचं अर्धं पाकीट संपवलं. रिमझिम थांबली, ऊन पडलं आणि चौकीदारानं बोट केलं. शंभर-दीडशे मीटरवर गवतातून काहीतरी काळं वर आलं आणि गेलं. मुलीला दिसलं नाही. मग पुन्हा वर आलं. या वेळी तिला दिसलं आणि ती जे हसायला लागली ते थांबेचना. "आजोबा, तो ट्रॅम्पोलिनवर आहे!" मी आयुष्यात कितीतरी पक्षी बघितले असतील, पण नवव्या वर्षी असं हसू कुणाला सुटलेलं बघायला जे वाटलं ते वेगळं. वीस मिनिटांत आम्ही अकरा उड्या मोजल्या. मावशीच्या हिशेबानं बारा.

तेवढ्यात मागून दुसरी गाडी आली. चारजण, सगळ्यांकडे हातभर लांबीची भिंगं. चौघंही चांगले शिकलेले दिसत होते, बोलणंही सभ्य होतं. पण शंभर मीटरवरून फोटो चांगला येत नाही म्हणून एकाला गवतात पुढे जाऊन बसायचं होतं. चौकीदारानं नाही म्हटलं. मग दुसऱ्यानं खिशातून मोबाइल काढला. त्यात तणमोराच्या नराचा आवाज भरून आणला होता. तो वाजवला की आपल्या टापूत दुसरा नर शिरला असं समजून पक्षी जवळ येतो, असा त्याचा हिशेब. चौकीदार पुन्हा नाही म्हणाला. त्यानं पाकीट काढलं. पाचशेच्या नोटा मला गाडीतून दिसत होत्या.

चौकीदाराचा पगार काही फार नसणार. तो गप्प उभा राहिला. तेव्हा मावशी गाडीचं दार उघडून खाली वाटेवर उतरली, काठी टेकवत त्या माणसापाशी गेली आणि शुद्ध इंदुरी हिंदीत म्हणाली, "भैया, आपके घर में शादी का मंडप लगा हो और कोई बाहर से आके झूठा बैंड बजाए, तो आप क्या करोगे?" तो माणूस आधी गोंधळला, मग हसला. मोबाइल खिशात गेला. पाकीटही गेलं. ते चौघं आणखी अर्धा तास आमच्यामागे थांबले, जमेल तसे फोटो काढले आणि जाताना मावशीला नमस्कार करून गेले. चौकीदार नंतर आम्हाला म्हणाला, की मोठ्या साहेबांच्या ओळखीचे लोक येतात तेव्हा असं बोलायला कुणी मावशी नसते.

आवाज वाजवण्यात एवढं काय, असं कुणाला वाटेल. हिशेब साधा आहे. नराच्या अंगात उड्या मारायची ताकद मोजकी, दिवस मोजके. खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे धावण्यात गेलेला तास मादीसाठी उडी मारण्यात जात नाही. आणि घाबरून त्यानं तो टापूच सोडला तर जायला दुसरी जागा कुठे आहे? चहूकडे सोयाबीन. ज्या पक्ष्याचे नर अख्ख्या देशात आता काही शेकडे मोजता येतात, त्यातला एक आपण फोटोसाठी हलवायचा की नाही, एवढाच प्रश्न असतो.

याची मोठी आवृत्ती आपल्या विदर्भात झाली. 31 डिसेंबर 2024, वर्षअखेरीची गर्दी. नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव भागात एफ-2 नावानं ओळखली जाणारी वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर आली आणि सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी वाट अडवली. वाघीण आणि पिल्लं मधे अडकलेली, भोवती जिप्सीच जिप्सी. ती चित्रफीत घरोघरच्या फोनवर पोचली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आपणहून दखल घेतली, चालक आणि गाइड यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली. आमच्या नागपूरच्या व्याह्यांनी ती चित्रफीत मला पाठवली, वर लिहिलं, "काय नशीब बघा लोकांचं, सहा वाघ एकदम!"

मी त्यांना फोन केला. व्याही आहेत, जपून बोलावं लागतं. म्हटलं, शिक्षा चालकांना झाली ती योग्यच, पण गाड्यांत बसलेल्यांपैकी एकानं तरी "मागे घ्या" म्हटलं असेल का? चालक गाडी पुढे घालतो कारण मागच्या सीटवरून आवाज येत असतो आणि संध्याकाळी मिळणारी बक्षिशी वाघ किती जवळून दिसला त्यावर ठरते. व्याही म्हणाले, "हो, ते आहेच म्हणा. मागच्या खेपेला आम्ही वाघ दिसला तेव्हा हजार दिले, नाही दिसला तेव्हा शंभर." तेव्हापासून मी माझी पद्धत सगळ्यांना सांगतो. गाडीत बसतानाच, फाटकाच्या आत जायच्या आधी, बक्षिशी चालकाच्या आणि गाइडच्या हातात द्यायची. सांगायचं, वाघ दिसो न दिसो, हे तुमचे. आम्हाला घाई नाही. त्यानंतरची सफारी कशी शांत होते बघा. गाइड पक्षी दाखवतो, झाडावरचे नखांचे ओरखडे दाखवतो, अस्वलानं उकरलेलं वारूळ दाखवतो. मला तर या पद्धतीनं वाघही जास्त दिसलेत, पण हे आपलं माझं म्हणणं.

आता शेतकऱ्याचं. त्याच्याशिवाय तणमोर वाचणार नाही, कारण तणमोर त्याच्याच बांधावर राहतो. सैलान्याला वनखात्यानं एक साधी युक्ती केली. आपल्या शेतात तणमोर दिसल्याची खबर देणाऱ्या आणि त्याला त्रास न देता राहू देणाऱ्या शेतकऱ्याला रोख बक्षीस. त्यामुळे जो पक्षी कटकट होता, तो निदान पाहुणा झाला. याउलट सरदारपूरला कायदा कडक लावला. अभयारण्याच्या हद्दीत आलेल्या चौदा गावांत जमिनीची खरेदी-विक्री वर्षानुवर्षे अडकून राहिली. मुलीच्या लग्नाला, दवाखान्याला शेत विकावं म्हटलं तर रजिस्ट्री होत नाही. हे गाऱ्हाणं दिल्लीत राष्ट्रीय वन्यजीव मंडळापर्यंत गेलं. अशा गावात एखादा म्हातारा तणमोराचं नाव ऐकून थुंकला तर त्याला मी दोष देणार नाही.

शाजापूरकडे आणखी वेगळी गोष्ट. तिथे काळवीट इतके झाले की शेतकरी रात्र रात्र जागायचे. तिथल्या एका परिचिताचं वाक्य मी विसरत नाही. म्हणाला, "तुम्हाला हरीण दिसलं की फोटो, आम्हाला दिसलं की जागरण." ऑक्टोबर 2025 मध्ये तिथे दक्षिण आफ्रिकेची बोमा पद्धत वापरली. शेतात कापडाच्या भिंतींचं नरसाळ्यासारखं कुंपण उभारतात, हेलिकॉप्टर कळपाला हळूहळू त्या नरसाळ्यात हाकतं आणि टोकाला उभ्या गाडीत प्राणी चढतात. भुलीचं इंजेक्शन नाही, धावपळ कमीत कमी. आठशेहून जास्त काळवीट आणि काही डझन नीलगायी अशा पकडून गांधीसागर, कुनो यांसारख्या राखीव जंगलांत नेऊन सोडल्या. गोळी घालण्यापेक्षा हे हजारपटीनं बरं. हेलिकॉप्टर बघायला गावंच्या गावं जमली होती म्हणतात, त्यालाही पर्यटनच म्हणायचं का?

गांधीसागरचं नाव निघालंच आहे तर पाहुण्यांना मी हल्ली तिकडे पाठवतो. मंदसौर आणि नीमच जिल्ह्यांत, चंबळेवर 1960 साली पुरं झालेलं धरण, त्याभोवती 1974 पासूनचं अभयारण्य. उज्जैनहून गाडीनं चार-पाच तास. कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. चतुर्भुजनाथ नाल्यात दगडांच्या ओवऱ्यांमधून आदिमानवाची चित्रं आहेत, एकामागून एक, बैल, हरणं, नाचणारी माणसं, शिकारी. भीमबेटका सगळ्यांना ठाऊक, हे फारसं कुणाला नाही. आणि 20 एप्रिल 2025 पासून तिथे चित्तेही आहेत. भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचं 1952 मध्ये जाहीर झालं. 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियाहून आठ चित्ते कुनोत आले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून बारा. त्यांच्यातले प्रभास आणि पावक हे दोघे भाऊ गांधीसागरला आणून सोडले. चित्ता हाही गवताचाच प्राणी, त्याला धावायला मोकळं रान लागतं. चित्त्याच्या निमित्तानं का होईना, सरकारी कागदावरचं पडीक पुन्हा कामाचं ठरतंय, हे मला चांगलं वाटतं. आफ्रिकेतून आणलेल्या पाहुण्यासाठी एवढा खर्च आणि घरच्या तणमोरासाठी बक्षिसाचे थोडे रुपये, हे मात्र खटकतं.

पण तिथे जाताना एक ठरवून जा, की चित्ता दिसणार नाही. ते मोठ्या कुंपणाच्या आत आहेत, आपल्यासाठी फिरत नाहीत. धरणाच्या काठावर थंडीत पर्यटन खात्याची तंबूंची वसाहत असते, बोटी असतात, संगीत असतं. लहान मुलांना मजा येते, त्यात वाईट काही नाही. मी एवढंच करतो की संगीताची रात्र टाळतो आणि पहाटे नाल्यातल्या चित्रांकडे जातो. जागा चढ-उताराची आहे, मावशीला मागच्या वेळी दोघांनी हात धरून नेलं. चित्रांना हात लावायचा नाही आणि त्यांच्यावर पाणी तर अजिबात मारायचं नाही. फोटोत रंग उठून दिसावेत म्हणून पाणी शिंपडणारे लोक मी डोळ्यांनी बघितले आहेत. हजारो वर्षं टिकलेला गेरू एका बाटलीनं धुपायला लागतो.

चांगलं पर्यटन म्हणजे काय हे बघायचं तर कोकणात वेळासला जावं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं 2002 मध्ये तिथे समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. आधी ती अंडी माणसं आणि कोल्ही-कुत्री खायची. पुढे गावालाच त्यात घेतलं, कासव महोत्सव सुरू झाला. आता हंगामात लोक येतात, गावातल्या घरांत उतरतात, वहिनींच्या हातची आमटी-भाकरी आणि मोदक खातात आणि सकाळ-संध्याकाळ दोरीच्या मागे उभं राहून ऑलिव्ह रिडलेची पिल्लं वाळूवरून समुद्राकडे जाताना बघतात. दोरी ओलांडायची नाही, पिल्लू हातात घ्यायचं नाही. कधी कधी एकही पिल्लू निघत नाही, तरी लोक जेवून खूश होऊन जातात. पुणे जिल्ह्यातही कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळांवर वनखात्यानं गवताळ रानाची सफारी सुरू केली आहे. लांडगा, खोकड, चिंकारा बघायला स्थानिक मुलं गाइड म्हणून नेतात. अकोला-वाशीमकडे फासेपारधी समाजातली माणसं, ज्यांच्या आजोबांना तणमोराची शीळ वाजवून तो फाशात धरता यायचा, तीच आता माळरान राखायच्या कामात उतरली आहेत. पक्षी कुठे बसतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

आपल्या मालव्यात मात्र अजून असं नीट काही जमलेलं नाही. सैलान्याला राहायला गावातलं घर नाही, जेवायला कुणाची चूल नाही. पाहुणा गाडीतून येतो, फोटो काढतो, रतलामला जाऊन साबुदाण्याची खिचडी खातो आणि परततो. शेतकऱ्याच्या हाती काय पडलं? मागच्या दिवाळीत समाजाच्या बैठकीत मी हा विषय काढला. आपली वार्षिक सहल आहे, पन्नास-साठ माणसं, एक मोठी बस. दोघातिघांचं म्हणणं पडलं की पावसाळ्यात बस सैलान्याला न्यावी, सगळ्यांना तणमोर दाखवावा, म्हणजे जागृती होईल. मी विरोध केला. बैठक जरा तापली. एक काका म्हणाले, "तुम्ही स्वतः बघून आलात आणि आम्हाला नको म्हणता?" बोलणं लागलं, पण मुद्दा बरोबर होता.

मग मावशीनंच तोड काढली. पावसाळ्यात बस न्यायचीच नाही. पक्षी असतात ते तीन महिने गवत त्याचंच राहू दे. बस न्यायची जानेवारीत, पक्षी दक्षिणेकडे निघून गेल्यावर. तेव्हा ज्या शेतकऱ्यांनी तणमोराची खबर दिली, त्यांच्यापैकी दोघाचौघांच्या खळ्यावर जेवण करायचं. दाल-बाफले त्यांच्याच घरी करायला सांगायचे आणि दर माणशी पैसे आगाऊ द्यायचे, हॉटेलात देतो तेवढेच. चौकीदाराला बसमध्ये घेऊन गवत दाखवायला सांगायचं, आणि जुलैत इथे काय होतं ते त्याच्याच तोंडून ऐकायचं. काकांनी विचारलं, "पण पक्षी नसताना बघायचं काय?" मावशी म्हणाली, "त्याचं घर. पाहुणा गावाला गेला असताना शेजारी घराला नजर देतातच की."

त्यावर काका हसले, ठराव झाला. जाणारे पक्षी पावसाळा सरल्यावर महाराष्ट्र आणि त्याखालच्या दख्खनी माळांकडे उतरतात. पुण्या-सोलापूरच्या ज्या वाचकांच्या गावाजवळ गवताळ माळ शिल्लक आहे, त्यांनी हिवाळ्यात डोळे उघडे ठेवावेत. काळी पिसं तेव्हा झडलेली असतात, उड्या नसतात. मातकट रंगाची, लांब मानेची कोंबडीसारखी आकृती दिसली तर गाडी थांबवा, काच खाली घ्या, आणि जवळ जाऊ नका. वनखात्याला कळवा. जागा कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, अगदी आपल्या समाजाच्या ग्रुपवरसुद्धा नाही.

जानेवारीच्या सहलीची नावं समाजाच्या कार्यालयात द्यायची आहेत. बसमध्ये चाळीस जागा आहेत, मावशीची एक पक्की. बाफल्यांचा आगाऊ हिशेब द्यायचा असल्यानं शेवटच्या क्षणी नाव काढू नये, ही विनंती. गरम कपडे आणावेत, माळावर पहाटे वारा झोंबतो. भडक लाल-पिवळी शाल असेल तर ती मात्र रतलामच्या बाजारासाठी ठेवा. पुढच्या महिन्यात उंडासा तलावावर थंडीत उतरलेल्या बदकांबद्दल लिहीन. तिथे जायला परवानगी लागत नाही, फक्त लवकर उठावं लागतं.